आपल्या पावसातला आवाज

मध्यम लहरींना पाऊस आधी कळतो. रोहिणी सरत आलेली असते, काळी रानं नांगरून ढेकळं उन्हात तापत पडलेली असतात, जिंतूरच्या बाजूला आभाळाच्या कडेवर शाईची एक बारीक रेघ उमटलेली असते, आणि घरात देवळीतल्या रेडिओवर एखादं भावगीत संथ चाललेलं असताना मधूनच ‘कर्रर्र’ असा ओरखडा उठतो. गाणं क्षणभर फाटतं, पुन्हा जुळतं. दूर कुठेतरी वीज चमकलेली असते. डोळ्यांना ती दिसलेली नसते, गडगडाट कानांवर आलेला नसतो. रेडिओपर्यंत मात्र ती येऊन गेलेली असते. आमच्याकडची जाणती माणसं त्या ओरखड्यावरून सांगायची, “रेडू कडकडायलाय, रातच्याला येतंय बघा.” मग बाजा आत घेतल्या जायच्या, सरपण झाकलं जायचं, माळवदावरची वाळवणं उतरवली जायची. निवेदकानं हवामानाचा शब्दही काढलेला नसायचा.

लहरीच बोललेल्या असायच्या.

काटा तेव्हा १३०५ किलोहर्ट्झवर असायचा. ती जागा आमच्या रेडिओच्या काचेवर छापलेली नव्हती. काचेवर दिल्ली होती, कोलंबो होतं, लंडन होतं. कधी न पाहिलेल्या शहरांची नावं ओळीनं मांडलेली होती, आणि परभणी मात्र त्या कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून आत्यानं आपल्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका काचेवर दिला होता. काटा त्या ठिपक्यावर आला की घरघर थांबायची, एक गळा मोकळा व्हायचा, आणि लंडन-कोलंबोच्या पंक्तीला आमचा जिल्हा येऊन बसायचा.

परभणीचं नाव निघालं की बाहेरची माणसं हसून ती जुनी म्हण ऐकवतात: बनी तो बनी, नहीं तो परभणी. कुठं काही जमलं नाही तर शेवटी परभणी आहेच, असा तिचा सूर. पण या ‘शेवटी’ म्हटल्या जाणाऱ्या गावाला रेडिओच्या बाबतीत पहिला मान मिळाला होता. निजामाच्या राजवटीत औरंगाबादेत दख्खन रेडिओचं केंद्र होतं. ते आकाशवाणीकडे आलं आणि १९५३ साली बंद पडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मराठवाड्याला स्वतःचा आवाज नव्हता. हैदराबादचं ऐकावं, मुंबई-पुण्याचं ऐकावं, रात्री सिलोनचं ऐकावं. आपलं मात्र काही ऐकू येऊ नये. मग १९६८ साली परभणी बोलू लागली. पुढं काही वर्षांनी याच गावात कृषी विद्यापीठ आलं, आणि तुरीवरची अळी, कपाशीची फवारणी, ज्वारीचं नवं वाण हे सगळं विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरून निघून संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातून ओसरीवर येऊन टेकायचं. त्या कार्यक्रमातली माणसं ‘करायलोय’, ‘जायलोय’ असं बोलायची. शाळेत जी बोली बोलल्यावर छडी बसायची, ती बोली रेडिओत बसून खत किती घालायचं ते सांगायची.

आम्ही मुलं पाठ ताठ करून ऐकायचो.

पहाटे आधी यायची ती संकेतधून. तानपुऱ्याच्या अंधुक झंकारावर व्हायोलिनची ती वर चढणारी, पुन्हा खाली विसावणारी ओळ. वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकारानं ती बांधली असं सांगतात. तो बोहेमियातल्या कार्ल्सबादचा, ज्यू. युरोपात हिटलरची सावली पसरू लागली तेव्हा १९३४ साली तो मुंबईत येऊन राहिला आणि इथल्या रागांच्या नादी लागला. त्या धुनेत शिवरंजनीची ओल आहे. हे सगळं मला फार पुढं कळलं, आणि कळलं तेव्हापासून ती धून मनात निराळी वाजू लागली. आमची माय चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ धरायची, आजोबा गोठ्यात बैलांना वैरण टाकायचे, पूर्णेवरून येणाऱ्या गार वाऱ्यात कडब्याचा वास मिसळलेला असायचा, आणि या सगळ्यावरून, अंगणावरून, उकिरड्यावरच्या कोंबड्यांवरून, अजून न विझलेल्या चांदणीवरून, एका परागंदा माणसाची सुरावट हळूहळू पसरत जायची.

स्वतःचं गाव सुटलेल्या माणसानं आमचं गाव जागं केलं.

आणि मग नावं. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाणं दोन-तीन मिनिटांचं असायचं, पण त्याच्या आधीची नावांची यादी हेच खरं गाणं होतं. झरी, बोरी, चारठाणा, वालूर, दैठणा, ताडकळस, कौसडी. निवेदक ही नावं वाचताना कधी अडखळायचा नाही, कारण यातल्या कुठल्यातरी गावची बस पकडून तो स्वतः लहानाचा मोठा झालेला असायचा. नावांच्या शेवटी ‘आणि समस्त मित्रमंडळ’ यायचं, आणि पारावर बसलेलं ते समस्त मित्रमंडळ खरोखर एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचं. जगात आपण आहोत, याची एवढी स्वस्त आणि एवढी पक्की पावती दुसऱ्या कुणी दिली नाही.

आत्या लग्न होऊन पूर्णा तालुक्यात गेली. तिच्या सासरी फोन नव्हता, आमच्याकडंही नव्हता. सणासुदीला मुऱ्हाळी जायचा, मधल्या महिन्यांत नुसती वाट. एकदा मायनं आम्हा कुणाला न सांगता पोस्टकार्ड लिहिलं. आत्याला आवडणारं गाणं, खाली आत्याचं सासरचं नाव, त्याखाली स्वतःचं. कितीतरी आठवड्यांनी, दुपारी भांडी घासताना, ते आलं. निवेदकानं ताडकळसजवळच्या त्या खेड्याचं नाव घेतलं, आत्याचं नाव घेतलं, मग स्वल्पविरामाएवढं थांबून आमच्या गावाचं आणि मायचं. सासर आणि माहेर एका वाक्यात, एकाच श्वासात. मायचे हात राखेत तसेच थांबले. गाणं संपेपर्यंत ती उठली नाही. पंचमीला आत्या आली तेव्हा तिनं चप्पल काढता काढता पहिलं हेच सांगितलं, “ऐकलं गं मी, वैनी. सासू समोर बसली होती, म्हणून डोळ्याला पदर नाही लावला.”

त्या दुपारी दोन घरांच्या मध्ये नदी नव्हती.

परभणी-जिंतूरच्या खेड्यांत केंद्राची माणसं खांद्याला उहेर लटकवून यायची. जड, करड्या रंगाचं ते ध्वनिमुद्रण यंत्र. त्यावर दोन छोटी चाकं फिरायची आणि बायकांच्या ओव्या गोळा व्हायच्या. जनाबाईचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. गोदावरीच्या त्या काठावरून निघालेलं जात्यावरचं गाणं सातशे वर्षं बायकांच्या गळ्यातून गळ्यात उतरत आलेलं, आणि आता एक पोरगेला अधिकारी मायक्रोफोन पुढं करून म्हणायचा, “आजी, थोडं हळू दळा, जात्याचा आवाज फार येतो.” आजी त्याच्याकडं बघायच्या. जात्याशिवाय ओवी कशी येईल, हे त्याला कसं सांगावं? यंत्राचं लाल बटण दाबलं की त्या डोक्यावरचा पदर सावरून घ्यायच्या, समोर कुणी थोरलं माणूस आल्यासारख्या. टेप महाग होत्या, पुन्हापुन्हा वापरल्या जायच्या. एका आजीच्या ओवीवर दुसऱ्या दिवशी खतांची माहिती चढायची. पण एका संध्याकाळी ती ओवी सबंध जिल्ह्यानं ऐकलेली असायची. आजीच्या लेकीनं सासरी, नातीनं आणखी कुठल्या सासरी.

स्टुडिओला खिडकी नसते. भिंतींना भोकाभोकांचे फळे, दाराला जाड अस्तर, वर लाल दिवा. आत ऊन येत नाही, पावसाचा थेंब ऐकू येत नाही. पण निवेदक येतो तो बाहेरून. वसमत रस्त्यावरून सायकल मारत, ओल्या विजारीनं, चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकानं पुसत तो माईकसमोर बसतो आणि म्हणतो, “श्रोतेहो, आज सकाळपासूनच…” एवढं म्हणून थांबतो आणि पुढचं गाणं लावतो. तेवढ्या अर्ध्या वाक्यात आमच्या अंगणातला पाऊस असायचा. त्याच्या आवाजाला ओल होती ती साहित्याची नव्हती, रस्त्याची होती.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. भांडी मांडणीवरून खाली आली, माळवदाची माती झरली, गुरं दावी तोडायला लागली, आणि सगळं गाव अंगणात, अंधारात, एकमेकांची नावं घेत उभं राहिलं. काय झालं, कुठं झालं, कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांनी सेलवरचा रेडिओ बाहेर आणून लावला. केंद्र उघडायला अजून वेळ होता. तेराशे पाचवर नुसती खरखर. किती वेळ ती खरखर ऐकत आम्ही बसलो असू! बायका पोरांना मांडीवर घेऊन, पुरुष चिलमी न पेटवता, त्या लाल ठिपक्याभोवती. मग धून आली आणि धुनेमागून तो ओळखीचा आवाज आला. किल्लारी, सास्तूर ही नावं दिवस वर येईल तशी कळत गेली, हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली हे पुढं कळलं. पण त्याआधी, पहिल्या नमस्कारातच, त्या आवाजातला कंप आम्हाला ऐकू आला. तोही आमच्यासारखाच अंगणात उभा राहून आला होता. आजोबा म्हणाले, “हाय, परभणी हाय.”

रेडिओकडून माणसाला आणखी काय हवं असतं?

मध्यम लहरींची एक रीत आहे. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांत एक थर असतो, तो या लहरी गिळतो; त्यामुळं दिवसा जवळचीच केंद्रं ऐकू येतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या आभाळाला धडकून परत खाली येतात, आणि मग कुठली कुठली केंद्रं काट्याखाली येऊन उभी राहतात. रात्री माळवदावर पडल्या पडल्या आम्ही काटा फिरवायचो आणि न कळणाऱ्या भाषा, लांबचे ढोल, पलीकडच्या मुलखातले शेर, समुद्रापल्याडच्या बायकांचं हसणं, हे सगळं भरतीच्या पाण्यासारखं वर यायचं आणि ओसरायचं. रात्र दूरच्यांची होती. उजाडलं की आभाळ आपणहून दारं लावून घ्यायचं, आणि काट्याखाली पुन्हा परभणी असायची.

अलीकडं वाटतं, ती रात्र संपतच नाही.

केंद्र आहे. इमारत आहे, मनोरा आहे. पण वर्षांमागून वर्षं माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. नैमित्तिक निवेदकांच्या पाळ्या आक्रसल्या. आणि लहान गावांतल्या केंद्रांचे तासांमागून तास सहक्षेपणाकडं गेले. मुंबईतल्या बोरिवलीहून विविध भारती उपग्रहावर चढते आणि देशभर एकाच क्षणी उतरते. तिच्याशी माझं भांडण नाही. १९५७ पासून तिनं या देशाच्या दुपारी सुसह्य केल्या आहेत, माझ्याही. पण फाल्गुनात गारपीट होऊन हाताशी आलेली ज्वारी आडवी पडत असते, पोरं गारा वेचायला धावत असतात, बाप उंबऱ्यात डोक्याला हात लावून बसलेला असतो, आणि त्याच वेळी रेडिओतला तो गोड आवाज वसंताची गाणी लावत असतो. त्याचा काही दोष नाही. त्याच्या गावात ऊन पडलेलं असतं.

उरलेल्या जागेत संगणक बसला. आधीच बोलून ठेवलेली निवेदनं, आधीच लावून ठेवलेली गाणी, सेकंदाला सेकंद जुळवलेली. त्याच्याकडून तबकडी चुकून उलटी लागत नाही, सुई अडकत नाही, कागदाची सळसळ होत नाही, आणि ‘आज सकाळपासूनच’ म्हणून तो थांबतही नाही. खासगी एफएमचा हिशेब तर आणखी सरळ आहे. छोट्या शहरात वाहिनी चालवणं महाग, जाहिरात थोडी. मोंढ्यातला बियाणेवाला आणि कापड दुकानदार किती देणार? २०११ च्या धोरणानं कंपनीला आपल्या सगळ्या शहरांतल्या वाहिन्यांवर एकच कार्यक्रम वाजवायची मुभा दिली. एक निवेदक, एक हसणं, एक विनोद, आणि शहरं अनेक. शहराचं नाव तेवढं प्रत्येक ठिकाणी वेगळं चिकटवायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं आणखी २३४ शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. वाहिन्या वाढतील. त्या त्या गावात माईकसमोर कुणी बसेल का, हे त्या मंजुरीत लिहिलेलं नाही.

हे परभणीपुरतं नाही. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या त्या बातम्यांवर आख्ख्या महाराष्ट्रानं दाढ्या केल्या आहेत, डबे भरले आहेत. ओरड झाली आणि निर्णय थांबला. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं रेडिओच्या मालकीवरच्या मर्यादा सैल केल्या आणि एकेका कंपनीकडं शेकड्यांनी केंद्रं गेली. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्री नॉर्थ डकोटातल्या मायनॉट या गावाबाहेर मालगाडी घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग गावावर आला. गावातली सहा व्यावसायिक केंद्रं एकाच कंपनीची होती. लोकांना सावध करा म्हणून सांगायला पोलीस केंद्राला फोन लावत राहिले आणि आत कुणी सापडेना. खरी चूक फोनची होती की यंत्रणेची, यावर पुढं वाद झाला. पण ती रात्र वाचताना मला आमची ३० सप्टेंबरची खरखर आठवते. तिथं खरखरही नव्हती.

बिनमाणसाची गाणी होती.

आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात एका रेडिओनं निवेदक काढून कृत्रिम बुद्धिमत्तेचे आवाज बसवले. त्यातल्या एकीनं विस्वावा शिम्बोर्स्का या कवयित्रीची मुलाखतही घेतली. शिम्बोर्स्का २०१२ सालीच वारली होती. लोक संतापले आणि थोड्याच दिवसांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. हे वाचलं आणि मला बी. रघुनाथ आठवले. परभणीत राहून, निजामी अमलाची घुसमट सोसत ज्यांनी मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या, ते १९५३ साली गेले. परभणीत रेडिओ यायला अजून पंधरा वर्षं होती. उद्या एखादं यंत्र त्यांचा आवाज बनवील. सानुनासिक असेल की खर्जातला, हे ते ठरवील, शब्दही नेमके लावील. पण उन्हात तापलेल्या कचेरीतून घरी येताना त्यांचा घसा जसा कोरडा पडत असेल, तो कोरडेपणा त्यात कुठून आणणार? आवाज म्हणजे शेवटी एका हवेतून चालत आलेलं शरीर. ती हवा काढून घेतली की उरतो तो नाद.

काळ मागं फिरत नाही, हे मला मान्य आहे. गाणी आता ज्याच्या त्याच्या खिशात आहेत, फर्माईश बोटाच्या टोकावर आहे, आत्याची नात आजीला व्हिडिओवर रोज बघते, आणि ते चांगलंच आहे. रेडिओनं सगळा दिवस पूर्वीसारखा भरावा, असं म्हणणंही खरं नाही. रात्री दूरचे आवाज येऊ देत, दुपारी बोरिवली बोलू दे. पण सकाळचा एखादा तास आणि संध्याकाळचा एखादा तास आपल्या तालुक्यातला माणूस माईकसमोर हवा. त्याला ताडकळस म्हणता यायला हवं, दुधनेला पाणी आलं की नाही हे त्याला कुणी न सांगता ठाऊक हवं, आणि जमीन हलली तर त्याच्याही घरची भांडी पडायला हवीत. जिल्ह्याच्या केंद्राचं काम एवढंच आहे, आणि हे काम दुसऱ्या गावाहून होत नाही.

केंद्र माणसांअभावी ओस पडतं हे खरं, तसं ऐकणाऱ्यांअभावीही पडतं. तेव्हा ज्यांच्याकडं मध्यम लहरींचा जुना रेडिओ शिल्लक असेल त्यांनी सेल बदलून तो एकदा लावावा, ज्यांच्याकडं नसेल त्यांनी मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप शोधावं, आणि चांगलं वाटलं तर तसं, नाही वाटलं तर तसं, केंद्राला कळवावं. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळतं. पत्ता सोपा आहे: आकाशवाणी, परभणी ४३१४०१.